वैशाखातलं जॅकेट

होळी झाली की आमच्या इमारतीच्या गच्चीवर वाळवणं पडायला लागतात. शेजारच्या काकूंच्या कुरडया, पलीकडच्या बिऱ्हाडाचे बटाट्याचे पापड, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत जुन्या चादरीवर आमचं वाळवण. आमच्या चादरीवर कोपरांची पॅड असतात, खांद्यांची, गुडघ्यांची, आणि पाठीची दोन मोठी, कासवाच्या पाठीसारखी. मोटरसायकलवर घालायच्या जॅकेट-पँटमधून ती काढायची, साबणाच्या पाण्यातून काढायची आणि उन्हात नव्हे, सावलीत वाळवायची. पहिल्या वर्षी काकू कुरडया उलटताना थबकल्या होत्या.

"काय हो सुजाता, हे कसले सांडगे तुमचे?"

"मोटरसायकलचे, काकू," माझी बायको म्हणाली. "तळायचे नाहीत. नुसते घालायचे."

खाली बाथरूममध्ये जॅकेटं बादलीत भिजत असतात. पहिलं पाणी काळं निघतं, दुसरं राखाडी, तिसरं गढूळ. चाकणच्या रस्त्यांवर वर्षभर जे काही उडतं ते सगळं त्यात असतं. सिमेंट, काजळी, लोखंडाचा कीस, आणि आमच्या दोघांचा घाम. हे सगळं मिळून एक वास तयार होतो, ओल्या नायलॉनचा आणि खारट. तो नाकात गेला की मी क्षणभर बादलीपाशी उकिडवा बसून राहतो. दोन वर्षांपूर्वीचा वैशाख त्या वासात आहे. दर वर्षी कूलर माळ्यावरून उतरतो, माठ बदलला जातो, आणि माझ्या मनात तो वैशाखही खाली उतरतो.

आमच्या या पट्ट्यातलं ऊन गावाकडच्या उन्हासारखं नसतं. गावाकडे ऊन वरून येतं. झाडाखाली गेलं की संपतं. इथे ते चारी बाजूंनी येतं. शेजारून घासत जाणाऱ्या कंटेनरच्या पत्र्यातून, काँक्रीटच्या पांढऱ्या रस्त्यातून, पुढच्या बसच्या धुरातून, आणि खाली आपल्याच दोन मांड्यांमधल्या इंजिनातून. चिखलीहून तळवड्याला यायचं, इंद्रायणी ओलांडायची आणि महाळुंग्याला लागायचं, हा आमचा दोघांचा रोजचा रस्ता. पुलावर नदीचा वारा लागतो, तो चार श्वासांपुरता. मग पुन्हा कंपन्यांच्या भिंती, पत्र्याच्या शेड, वजनकाट्यापुढची ट्रकांची रांग. ट्रकखाली चादर अंथरून झोपलेले ड्रायव्हर, त्यांचे फक्त पाय दिसतात. कलिंगडांचे ढीग. एखाद्या कंपनीच्या गेटाशी गुलमोहर पेटलेला असतो आणि त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते, कारण हेल्मेटच्या आतला घाम भुवईवरून डोळ्यात उतरत असतो आणि तो पुसता येत नाही. मिचकावायचं आणि पुढे जायचं.

या रस्त्यावर हेल्मेट कोपरात अडकवून जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. डोकं उघडं आणि कोपर सुरक्षित. गेटापासून शंभर पावलांवर ते डोक्यावर चढतं, कारण त्याशिवाय वॉचमन आत सोडत नाही. मला त्यांचा राग येत नाही. तो नियम करणाऱ्यांतला मी एक आहे, आणि मे महिन्यात त्या हेल्मेटच्या आत काय होतं हे मला ठाऊक आहे.

मी एका कारखान्याच्या सेफ्टी विभागात आहे. बरीच वर्षं झाली. आमच्याकडे धातू वितळवायच्या भट्ट्या आहेत. भट्टीतून रस ओतताना माणसाला चंदेरी कोट घालावा लागतो, टाचेपासून मानेपर्यंत. बाहेरची आग त्यातून आत येत नाही, पण आतली उष्णताही बाहेर पडत नाही. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. कोट एकट्यानं घालायचा नाही. एक जण कोटात, तर दुसरा बिनकोटाचा त्याच्यासमोर, लांब उभा. त्याला आम्ही जोडीदार म्हणतो. त्याचं काम एकच, कोटातल्या माणसाशी बोलत राहायचं. काहीही बोलायचं. जेवलास का, पोरगी कितवीला गेली, काल मॅच बघितलीस का. उत्तर वाकडं आलं, उशिरा आलं, किंवा त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, की ताबडतोब बाहेर. कोट उघड, पाणी, पंखा. तापलेल्या माणसाला स्वतःला कळत नाही की आपण तापलोय. समोरच्यालाच कळतं. ही पद्धत आमच्याकडे रुजवायला मला खूप भांडावं लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिचा मला अभिमान होता. अजूनही आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

सुजातानं त्या वर्षी नोकरी धरली. लग्नाआधी ती राजगुरुनगरला एका पतसंस्थेत हिशेब बघायची. मग लग्न, मुलगा, माझ्या शिफ्ट, माझ्या आईचं आजारपण. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला, आई गेली, आणि एका सकाळी सुजाता म्हणाली, "महाळुंग्यात एका गोदामात माणूस हवाय. माल पाठवायच्या ऑफिसात. मी फोन केला होता."

"कधी?"

"केला होता," ती म्हणाली. "उद्यापासून या म्हणालेत. सहा महिने बघणार, मग कायम करणार."

जायचं कसं, हा प्रश्न मी विचारला. उत्तर तिच्याकडे तयार होतं. पार्किंगमध्ये माझी जुनी मोटरसायकल झाकून पडलेली होती. मी नवी घेतल्यापासून ती कुणी चालवत नव्हतं. सुजाता माहेरी असताना तिच्या वडिलांची मोटरसायकल चालवायची, राजगुरुनगरच्या बाजारपेठेतून, आणि दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायची, हे मी लग्नापासून ऐकत आलो होतो. ऐकलं होतं, पण चाळिशी ओलांडलेल्या बाईनं एका रविवारी कव्हर काढून, कॉक उघडून, चार किका मारून ती गाडी सुरू केली तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मला ते बघून आनंद होण्याऐवजी भीती वाटली, ही या सगळ्यातली पहिली गोष्ट, जी मी कबूल करायला हवी.

माझ्या कामात मी पडलेली माणसं बघतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या अंगाला काँक्रीट काय करतं ते बघितलंय. म्हणून मी पिंपरीच्या बाजारात जाऊन तिच्यासाठी जॅकेट आणलं. काळं, जाड, कोपर-खांदे-पाठ सगळीकडे पॅड असलेलं. आत पावसाचं अस्तर होतं, चेननं जोडलेलं. दुकानदार म्हणाला, "उन्हाळ्यात हे अस्तर काढून टाकायचं, साहेब." मी ऐकलं. घरी आल्यावर विचार केला, असू दे, जेवढं जाड तेवढं चांगलं, काढायचं कशाला, पुढे पाऊस आहेच. कारखान्यात मी कोटाच्या कापडाचा प्रत्येक थर तपासून घेतो. घरी मी दुकानदाराचं एक वाक्य विसरायचं ठरवलं.

सुजातानं ते घातलं आणि आरशापुढे उभी राहिली.

"मी चंद्रावर चाललेय की महाळुंग्याला?"

"हसू नकोस. चेन वरपर्यंत लाव."

"अहो, गुदमरतंय."

"सवय होते."

हे दोन शब्द मी भट्टीवरच्या कुठल्याही माणसाला कधी म्हणालो नसतो. तिथे मला कुणी असं म्हणालं असतं तर मी त्याला मीटिंगमध्ये उभं केलं असतं.

तो शनिवार होता. शनिवारी तिचं गोदाम दुपारी सुटायचं. पुलाच्या अलीकडे एक कंटेनर बंद पडला होता आणि दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या होत्या. वारा नसताना जाड जॅकेट म्हणजे काय ते ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. चालत्या गाडीवर निदान गळ्यातून थोडी हवा शिरते. थांबलेल्या गाडीवर माणूस आपल्याच वाफेत शिजतो. मी तेव्हा कारखान्यात दुसऱ्या शिफ्टच्या लोकांना उन्हाळ्यातली काळजी समजावून सांगत होतो. फोन वाजला. तिचा होता.

"अहो, दळण आणलंत का?"

"आणलं सकाळीच. ठेवलंय ओट्याखाली."

"बरं." थोडा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. मग ती म्हणाली, "दळण आणलंत का?"

"सुजाता, सांगितलं ना आत्ता! मी लोकांसमोर उभा आहे. घरी बोलू." आणि मी फोन ठेवला.

समोर बसलेल्या माणसांना मी पुढे काय सांगितलं ते मला स्पष्ट आठवतं. समोरचा तोच प्रश्न पुन्हा विचारायला लागला की समजायचं, असंच काहीतरी. मी ते नीट, खणखणीत आवाजात सांगितलं.

पुढचा फोन तिच्याच नंबरवरून आला, पण आवाज दुसरा होता.

"दाजी का? ताईंचं मालक?"

"हो. कोण बोलतंय?"

"मी कमळाबाई. पुलाच्या अंगाला माझी रसवंती हाय. ताई हितं बसल्यात. घाबरू नगा. पन या. लगोलग या."

मी गेलो तेव्हा सुजाता रसवंतीच्या हिरव्या कापडाखाली बाजेवर आडवी होती. जॅकेट जमिनीवर पडलं होतं. कमळाबाई पदर खोचून तिच्या मानेवर, काखेत ओली फडकी ठेवत होती आणि तिचा नवरा पुठ्ठ्यानं वारा घालत होता. मोटरसायकल आडवी पडली होती. सुजातानं रस्त्याच्या कडेला ती कशीबशी घेतली, स्टँड लावायचं राहून गेलं, गाडी एकीकडे कलली आणि ती दुसरीकडे बसली. रहदारी तुंबलेली होती म्हणून मागून येणारं काही नव्हतं. एवढंच. मी हिशेब करत बसतो तो याचा. रहदारी तुंबली म्हणून ती तापली, आणि रहदारी तुंबली म्हणून ती वाचली.

कमळाबाईनं पायानं जॅकेट उलटं केलं. आतलं अस्तर घामानं चकाकत होतं, पावसात भिजलेल्या छत्रीसारखं.

"दाजी," ती म्हणाली, "बायकू पोत्यात भरून धाडली व्हय कामाला?"

तिचा नवरा हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

"आवं, आमी ऊस बी वल्या गोनपाटात ठिवतो," कमळाबाई म्हणाली. "मान्साला कायतरी वारं नगं का?"

दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळपर्यंत सुजाता नीट बोलायला लागली. पहिलं वाक्य, "गाडीला काही झालं नाही ना?" दुसरं बऱ्याच वेळानं आलं. "मला कळतच नव्हतं मी फोन का केला. काहीतरी सांगायचं होतं. काय ते सापडेना. दळण आठवलं, म्हणून दळण विचारलं."

मी तिला सांगितलं नाही, की ती काय सांगत होती हे जगातल्या मोजक्या माणसांना पहिल्या फटक्यात कळलं असतं, आणि त्यातला एक फोनच्या दुसऱ्या टोकाला होता. पुढे कधीतरी सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तुमचं ते भाषण तुम्ही घरीच पाठ करता." तिनं मला त्याबद्दल कधी टोचलं नाही. तिनं टोचलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

अपराधी वाटणारा माणूस चांगला वागतो असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. मी दुसऱ्या दिवशी मोटरसायकलची किल्ली माझ्या खिशात ठेवली. म्हणालो, मी सोडतो, मी आणतो. शिफ्ट जुळत नव्हत्या, तरी रजा टाकून सोडत राहिलो. ती मागे बसायची. पूर्वी ती मागे बसली की बोलायची, माझ्या कानाशी, रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवायची, त्यांना नावं ठेवायची. आता गप्प. तिच्या गोदामापाशी उतरायची, ओढणी नीट करायची आणि मागे न बघता आत जायची. तिथला एक ड्रायव्हर तिला एकदा म्हणाला होता, "मॅडम, साहेब शाळेत सोडायला येतात जणू." तो विनोद तिनं मला जेवताना सांगितला, पण ती हसली नाही आणि मलाही हसता आलं नाही.

आठवडाभरानं तिनं ताटावरून उठता उठता हात पुढे केला. "किल्ली."

"सुजाता, पुन्हा काही झालं तर..."

"तर होईल. मला मागे बसून म्हातारं व्हायचं नाही. तुम्ही मला नीट जॅकेट आणून द्या. ते तुमचं काम आहे. चालवणं माझं आहे."

मी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि शिकायला बसलो. आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. जाळीचं जॅकेट आणलं, फिकट राखाडी. पॅड सगळी जागच्या जागी, पण त्यांच्यामधून वारा आरपार जातो. दिव्यासमोर धरलं तर पलीकडची भिंत दिसते. पांढरं हेल्मेट, जबड्याशी हवेची भोकं असलेलं. बोटांच्या पेरांवर कडक आणि मागे जाळी असलेले हातमोजे. आणि आत एक साधी सुती बंडी, घरातून निघताना पाण्यात बुडवून, पिळून घातलेली. चालत्या वाऱ्यानं ती वाळायला लागते आणि अंग थंड पडतं. उन्हाळ्यात वारा आपल्या अंगाहून गरम असतो, त्यामुळे नुसतं उघड्या हातांनी गाडी चालवली तर वारा निववत नाही, भाजतो. ओल्या कपड्यावर जाळी, आणि जाळीवर वारा, असं जमलं तर तोच वारा कामाला येतो.

"म्हणजे माठासारखं," सुजाता म्हणाली. "ओला कपडा, वारा, सावली."

"तसंच. माणसाचा माठ करायचा."

"एक तर घरात आहेच," ती म्हणाली, आणि दवाखान्यानंतर पहिल्यांदा हसली.

तिनं मला बंडी पिळायला लावली. फार पिळली तर लवकर वाळते, कमी पिळली तर पँट ओली होते आणि ऑफिसात बसता येत नाही. तिच्या गळ्यात ओला पंचा, सकाळी निघायच्या आधी दोन पेले पाणी, येताना पुलाआधी सावलीत एक थांबा. काळं जॅकेट मी टाकलं नाही. अस्तर काढून माळ्यावर ठेवलं. पावसात ते खरंच चांगलं आहे. वस्तू वाईट नव्हती. मीच ती चुकीच्या महिन्यात कुणाच्या तरी अंगावर घातली होती.

इथे ही आठवण थांबली असती तर मी ती लिहिली नसती. चूक झाली, सुधारली, आता बरं चाललंय, हे सांगण्यासारखं काही नाही. पण मे महिन्याच्या शेवटी एकदा मी कमळाबाईच्या रसवंतीवर थांबलो. आलं-लिंबू घातलेला रस, काचेच्या पेल्याला बाहेरून दव. चरकाला बांधलेलं घुंगरू प्रत्येक फेऱ्याला वाजत होतं.

"ताई बऱ्या हायेत ना आता?" तिनं विचारलं.

"हो, आता नवीन जॅकेट आहे. काही त्रास नाही."

"न्हाई, तवा मंगळवारी पुन्यांदा बसल्या व्हत्या हितं. डोळ्यापुढं अंधारी आली म्हनल्या. लई न्हाई, पन बसल्या अर्धा घंटा. मी म्हनलं दाजींस्नी फोन लावू का, तर म्हनल्या न्हाई, नगं, त्यास्नी सांगू नगा."

ती बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं. "बया, मी सांगितलं की!" तिनं पदर तोंडाला लावला. "आता ताई मला भांडतील."

मी पेला तसाच ठेवून निघालो. रस्ताभर डोक्यात वाक्यं जुळवत होतो. घरी सुजाता भाजी निवडत होती.

"मंगळवारी काय झालं होतं?"

"कुठे काय?"

"कमळाबाई म्हणाल्या."

तिनं देठ मोडले, बाजूला ठेवले, आणि मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

मी जुळवलेली सगळी वाक्यं तोंडातच राहिली. कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. ते दत्तानं म्हटलं होतं. दत्ता आमच्या भट्टीवरचा, बीडकडचा माणूस. त्याचा हात भाजला होता आणि तो चार दिवस लांब बाह्यांचा शर्ट घालून काम करत राहिला. जखम चिघळली तेव्हा कळलं. मी त्याला खूप बोललो होतो. तो खाली बघत म्हणाला, "सायेब, सांगितलं की तुमी भट्टीवरून काढताव. मग सांगावं कसं?"

तेव्हा मला झोप लागली नव्हती. मी वरच्या साहेबांपाशी जाऊन भांडलो होतो, की जो माणूस येऊन सांगतो त्याला शिक्षा झाली तर उद्या कुणीच सांगणार नाही, आणि ज्या दिवशी लोक सांगायचे थांबतात त्या दिवशी कारखाना सगळ्यांत धोक्याचा होतो, मग कोट कितीही चांगले असोत. ते मानलं गेलं. आमच्याकडे आता सांगणाऱ्या माणसाचं काम जात नाही. कारखान्यात मी हे करून दाखवलं. घरी मी किल्ली खिशात घालून फिरत होतो.

पहिल्या चुकीत मी तिला जाड जॅकेट घातलं. ते उतरवता आलं. दुसऱ्या चुकीत मी तिला माझ्यापासून लपवायला शिकवलं. ती भर उन्हात, डोळ्यांपुढे अंधारी आलेली असताना, एका परक्या बाईला हात जोडून सांगत होती की त्यांना कळवू नका. त्या क्षणी तिला उन्हापेक्षा माझी जास्त भीती वाटत होती. मी तिला कधी हात लावलेला नाही, आवाज चढवला तोही क्वचित. मी फक्त काळजी करत होतो. काळजीनं माणूस एवढा एकटा पडू शकतो हे मला पन्नाशीजवळ येऊन कळलं.

मी तिला म्हणालो, "किल्ली मी पुन्हा घेणार नाही."

"आज म्हणताय."

"आज म्हणतोय," मी म्हणालो. यापेक्षा जास्त खात्री द्यायचा मला हक्क नव्हता.

तिची नोकरी कायम झाली. पाऊस आला, गेला. पुढचा उन्हाळाही गेला. त्या उन्हाळ्यात तिनं मला काही सांगितलं नाही. काही झालं नव्हतं की सांगितलं नव्हतं, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विचारायला जीभ वळवळायची. ती घरी आली की मी तिच्या चेहऱ्याचा रंग बघायचो, ती किती पाणी पिते ते बघायचो. भट्टीवर मी जोडीदार नेमतो. घरात ती जागा आपली आपण घेता येत नाही. समोरच्यानं द्यावी लागते, आणि ती एकदा गमावली की मागून मिळत नाही. मी बंड्या पिळत राहिलो. जॅकेटं धूत राहिलो. कधी तिची बाटली भरून ठेवायचो, कधी ती म्हणायची, "मी भरली असती," आणि मी बाजूला व्हायचो.

तिच्या गोदामातल्या दोन मुली आता गाडी चालवतात. एका रविवारी त्या आमच्या पार्किंगमध्ये आल्या होत्या, आपापली जॅकेटं घेऊन. सुजातानं एकीच्या जॅकेटची चेन उघडून आत हात घातला आणि अस्तर चर्रकन ओढून काढलं. "हे घरी ठेव. पावसात लाव." मुलगी म्हणाली, "पण काकू, पप्पा म्हणाले राहू दे." सुजातानं वर गॅलरीत बघितलं. मी तिथेच उभा होतो. "पप्पांना म्हणावं, आमच्याकडे चहाला या," ती म्हणाली. "आमचे हे समजावतील." मुली हसल्या. मी आत गेलो आणि गॅसवर चहा ठेवला, तिघींसाठी.

यंदाचा वैशाख फार कडक आहे. दुपारी गॅलरीच्या कठड्याला हात लावता येत नाही. परवा संध्याकाळी सुजाता कामावरून आली, जॅकेट खुंटीला लावलं आणि पंख्याखाली फरशीवरच बसली, पाय लांब करून. मी ओट्याशी कैरी चिरत होतो.

"आज येताना डोकं जड झालं होतं," ती म्हणाली.

मी वळलो नाही. सुरी चालू ठेवली, पण फोडी सारख्या येईनात.

"दोनदा थांबले. दुसऱ्यांदा जरा जास्तच बसले. एका कंपनीच्या गेटाशी. वॉचमननं आपली खुर्ची दिली."

उद्या मी सोडतो. हे वाक्य पूर्ण तयार होऊन माझ्या दातांशी आलं. मी ते तिथेच धरून ठेवलं. धरून ठेवायला किती जोर लागतो ते मला आजवर माहीत नव्हतं.

"आता कसं वाटतंय?"

"आता बरंय. सकाळी पाणी कमी प्यायले होते. फोनवर फोन चालू होते, राहूनच गेलं."

"हं."

ती माझ्या पाठीकडे बघत होती, ते मला न वळता कळत होतं.

"तुम्हाला काहीतरी म्हणायचंय."

"म्हणायचंय."

"मग म्हणा की."

"नाही म्हणत."

मग ती हळूच हसली, नाकातून, पूर्वी माझ्या मागे बसून पाट्या वाचताना हसायची तशी.

"उद्याही जाणार आहे मी," ती म्हणाली.

"माहीत आहे." मी फोडी ताटलीत काढल्या आणि तिच्याशेजारी फरशीवर येऊन बसलो. "मीठ लावू की तिखट?"

"दोन्ही," ती म्हणाली.